अवलंबून

साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवरच्या एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "याचं लॉगिन आज काढून टाका."

मी कमांड दिली. डेटाबेसने ती साफ धुडकावली.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, याला काढता येणार नाही. याच्यावर बरंच काही अवलंबून आहे."

"फुकटातलं सॉफ्टवेअर, आणि तोरा बघा!" साहेब हसले.

खोटं काय बोलला होता बिचारा? पगाराचं टेबल, ग्राहकांचं टेबल, हिशेब जुळवणारी सगळी फंक्शनं त्याच एका नावावर उभी होती. त्यांना दुसरा मालक मिळाल्याशिवाय हा डेटाबेस पहिल्याला जाऊ देत नाही. माणसांत ही रीत नाही.

"मग सगळं उद्यापासून हे काम बघणाऱ्या नव्या एजन्सीच्या नावावर करा ना. त्यात काय एवढं?"

खरंच, त्यात काही एवढं नव्हतं. दोन ओळींत मालकी बदलली. मी पुन्हा तीच कमांड दिली. या वेळी डेटाबेसने चकार शब्द काढला नाही. नाव गेलं.

"बघा, अडलं का काही?" म्हणत साहेबांनी हात पुढे केला.

निदान एवढं तरी सौजन्य आहे म्हणायचं, असं वाटून मीही उठलो आणि हात पुढे केला.

"हात नको हो," साहेब म्हणाले, "लॉगिन गेलं, आता तुमचं ओळखपत्र द्या."