राखून ठेवलेली जोडी

"सेब्राइट नकोच," उस्ताद म्हणाले. "एकेका पिसाला काजळ घातल्यासारखी काळी कड, नजर हटत नाही. पण नवशिक्याच्या हातात निम्मी अंडी फळत नाहीत."

मेकॅनिकने मान डोलावून वहीत लिहून घेतलं. हेच त्याने तिसऱ्या रविवारीही लिहून घेतलं होतं. आजचा अकरावा रविवार.

"मग जपानी?"

"आखूड पाय, उभी शेपटी, रुबाब म्हणाल तर विचारू नका. पण आखुडाला आखूड जोडलं की चारातलं एक पिल्लू अंड्यातच मरतं. पहिल्याच वर्षी तुमचं मन उडेल." उस्तादांनी पिंजऱ्यात हात घातला आणि आतल्या कोंबडीने त्यांना कचकन टोचलं. "अगं, अगं! ही पेकिन. नखांपर्यंत पिसं. खुडूक बसली की हलायची नाही. स्वभावाने अगदी गरीब."

"गरीब?" मेकॅनिकने त्यांच्या हातावरच्या ओरखड्यांकडे पाहिलं. दर रविवारी ओरखडे ताजेच असत.

"तुमच्याशी गरीब वागेल. माझ्यावर राग आहे तिचा."

दोघेही हसले. मेकॅनिक आठवड्यातून एवढाच हसायचा.

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. लांब राहणारी मुलगी फोनवर "बाबा, जेवलात ना?" विचारायची आणि तो न जेवताच "हो" म्हणायचा. बाकी सोमवार ते शनिवार त्याच्याशी बोलायचा तो दूधवाला, तोही "अर्धा की एक?" एवढंच. घर इतकं गप्प असायचं की तो कधीकधी मुद्दाम चमचा खाली पाडायचा.

मग एकदा दाण्याच्या दुकानाच्या भिंतीवर त्याला एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसली. 'जातिवंत बँटम कोंबड्या. पैदास करू इच्छिणाऱ्या नवशिक्यांना सल्ला मिळेल.' बँटम म्हणजे ठेंगण्या जातीच्या कोंबड्या, हेही त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सल्ला देणाऱ्याला बोलावं तर लागणारच, असा त्याने हिशोब केला.

अडचण एकच होती. तो चौथ्या मजल्यावर राहायचा. गॅलरीत खुर्ची ठेवली की पाय ठेवायला जागा उरत नसे. उस्तादांना मात्र त्याने ऐसपैस अंगण सांगून ठेवलं होतं. सकाळचं ऊन, भुसभुशीत माती, कोपऱ्यात लिंबाचं झाड. दर रविवारी त्या अंगणात काहीतरी भर पडायची. गेल्या महिन्यात नळही आला होता.

"पाण्याचा उतार कुठल्या बाजूला?" उस्तादांनी चहा ओतता ओतता विचारलं.

"फाटकाकडे."

"मागे भिंतीकडे म्हणालात."

"होता. माती टाकून फिरवला."

"छान केलंत." उस्तादांनी त्याच्या लख्ख पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं आणि कप पुढे केला. या घरात त्याचा कप आता ठरलेला होता, कानाला टवका गेलेला निळा.

एकदा तर त्याने स्वतःच घोळ घातला होता. "उशीर झाला," तो धापा टाकत म्हणाला होता, "लिफ्ट बंद पडली, चार जिने उतरलो. बसवणाऱ्याने केबलच..." आणि जीभ चावली होती. पण उस्ताद तेव्हा खुराड्याच्या कडीशी झटत होते. ऐकलं नसावं.

उस्तादांचं काम कसं चोख! खुराडी घासूनपुसून स्वच्छ, वासाचा पत्ता नाही. दहाच्या आधी यायचं नाही आणि पाचला निघायचं. "पक्ष्यांना शिस्त लागते," ते म्हणायचे. नाहीतर शेजारच्या शिंपीणबाई. त्यांच्या अंगणातलं खुराडं रिकामं, दार सताड उघडं. गळ्यात टेप लटकवून त्या कुंपणापलीकडून हसायच्या. हौस सुटली असेल बिचाऱ्यांची, असं मेकॅनिकला वाटायचं.

जात ठरली की रविवार संपणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सेब्राइटवरून जपानीवर आणि जपानीवरून पेकिनवर तो फिरत राहायचा. त्या दिवशी तर बोलता बोलता साडेपाच झाले.

निघताना उस्ताद म्हणाले, "ही पेकिनची जोडी तुमच्यासाठी राखून ठेवलीय. काल एक गिऱ्हाईक आलं होतं, परत पाठवलं. घाई नाही. सावकाश ठरवा."

मेकॅनिक घरी पोहोचेपर्यंत तेच घोळवत राहिला. एक भला माणूस आपल्या खोट्या अंगणापायी खरं गिऱ्हाईक घालवतो! आठवडाभर त्याला घास गोड लागला नाही. खरं सांगायचं, तर तो निळा कप गेला. न सांगायचं, तर त्या माणसाच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? मुलीचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच तो म्हणाला, "नाही जेवलो."

रविवारी धीर सुटायच्या आत सांगून टाकावं म्हणून तो सकाळी सातलाच निघाला. उस्तादांच्या गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा फाटक करकरलं. उस्तादांचं नाही, शिंपीणबाईंचं. तो खांबाआड थबकला.

उस्ताद पाठमोरे बाहेर आले. दोन्ही हातांत पिंजरे होते. "अगं, अगं!" ते कळवळले. पेकिनने टोचलं होतं.

"आज तरी वेळेवर परत आणा," शिंपीणबाई फाटकातून म्हणाल्या. "मागच्या रविवारी उशीर केलात, बिथरली होती माझी पाखरं. साथीत तुमची गेली, वाईट वाटतं मला. पण ही माझी आहेत."

"पाचला आणतो, ताई. नक्की."

"आणि त्या गृहस्थांनी खरंच जोडी मागितली, तर? मी माझी पेकिन द्यायची नाही, सांगून ठेवते."

उस्तादांनी पिंजरे जरा वर उचलून धरले.

"नाही हो मागणार," ते म्हणाले. "चौथ्या मजल्यावर कुठे ठेवतील ते कोंबड्या?"