डाव्या हाताचे आकडे

कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यात खुशालचा उजवा हात गेला. मग खाणीनं त्याला चंद्रपूरच्या कचेरीत नव्या कॉम्प्युटरवर बसवलं. आकड्यांची बटणं उजवीकडे. डावा हात तिथवर नेता नेता तो मागे पडायचा आणि रोज बोलणी खायचा.

प्रोग्राम लिहिणाऱ्या सईदाला ते बघवेना. तिनं खपून सोय केली. एक बटण दाबलं, की डावीकडची अक्षरंच आकडे टाकायची. खुशाल सगळ्यांच्या बरोबरीनं काम करू लागला.

खाणीचे मॅनेजर मात्र भडकले. "एका माणसासाठी प्रोग्राम बदलला? आत्ताच्या आत्ता काढून टाका ते!"

सईदा ताडकन उठली.

"एकासाठी काऊन, साहेब? त्या पट्ट्याले तुम्ही अजून जाळी बसवली नाई. आणखी येतीन."