टाक रिव्हर्स!

होडीचं जुनं इंजिन पुढे झकास पळायचं, पण त्याचा रिव्हर्स गियर काही केल्या पडत नव्हता. शेवटी नवरा कमरेएवढ्या पाण्यात उतरला, इंजिनाच्या मागे उभं राहून त्याने गियरची सैल झालेली सळई आवळली आणि होडीत बसलेल्या बायकोवर तिथूनच खेकसला, "इंजिन चालू कर. टाक रिव्हर्स!"

"अहो, आधी बाजूला तरी व्हा. पंखा तुमच्याच अंगावर येईल."

त्याने हातातला पाना तिच्या तोंडावर भिरकावला. पुढचा दात तुटून तिच्या मांडीवर पडला.

"मला अक्कल शिकवतेस? सांगितलं तेवढं करायचं!"

लग्नापासून त्याचं प्रत्येक म्हणणं तिने भीतीपोटी ऐकलं होतं.



हे मात्र मनापासून ऐकलं.