दोन पल्ल्यांची फळी

"घराले दरवाजा नाही अन् आवाजाले दरवाजा लावून राहिले का, काका?" भैय्याजी मिस्त्रीनं बिजागरीचा शेवटचा स्क्रू काढता काढता विचारलं.

मोतीरामनं पल्ल्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तो आधीच्या पल्ल्याशेजारी आडवा ठेवला. घराच्या मुख्य दाराचे सागवानी पल्ले. दोन्ही जोडले की रुंदी चार फूट भरत होती. मोतीरामला तेवढीच हवी होती.

आधी त्यानं प्लायवूडची दीड फुटाची फळी करून पाहिली होती. मग अडीच फुटांची. मधोमध गोल भोक, त्यात मोठा स्पीकर, मागे पेटी नाही, सगळं उघडं. अशा फळीवर आवाज समोरून निघतो तसा मागूनही निघतो, पण उलटा. फळी अरुंद असली की मागचा आवाज कडेला वळसा घालून पुढे येतो आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. बारीक आवाज वाचतो. जाड आवाजाचं पाऊल लांब, त्याला वळसा सोपा; तो मरतो.

मोतीरामला जाड आवाजच वाचवायचा होता.

"पेटी ठोकून देतो ना मी. मागून बंद," भैय्याजी म्हणाला.

"पेटीत ढोल कोंडल्यावाणी वाजते. मोकळा पाह्यजे."

"मग डीजेच बोलवा."

खाटेवर बसलेली त्याची बायको लीलाबाई दोघांचे ओठ पाहत होती. मोतीरामनं टेप खाटेच्या कडेपर्यंत ताणली तशी ती म्हणाली, "मले मोजून राहिले का फळीसाठी? मी काही एवढी रुंद नाही जी." आणि हसता हसता खोकत राहिली.

पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये तिची उमर गेली होती. कापसाच्या धुळीनं छाती नेली, यंत्रांनी कान. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिटी. मग माणसं. राहिली ती मालगाडी. तिगावकडून तिची घरघर शेतांवरून यायची आणि लीलाबाई खाटेवरून म्हणायची, "मालगाडी चालली." बाकी सगळं ती ओठांवरून ओळखायची. अर्धं बरोबर, अर्धं आपल्या मनाचं.

पोरीच्या, पूजाच्या, मंगल परिणयात ढोल तेवढा तिला ऐकू आला होता. पोरगी सासरी गेली. पुढे एकदा मोतीरामनं फोनवर लग्नाचा व्हिडिओ लावून दिला. लीलाबाईनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "सारे मुक्यानं नाचून राहिले जी. ढोल कुठी गेला?"

मोतीरामनं जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले होते. त्याला ते लागलं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरात ढोल मावत नाही, हे तिला ओठांनी कसं सांगायचं? त्यानं पुस्तकं काढली. आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. दीड फुटांच्या फळीसमोर लीलाबाईनं मान हलवली, नाही. अडीच फुटांसमोरही नाही. दोन्ही वेळा मोतीरामनं स्वतःलाच दोष दिला. आपलं गणित कच्चं. फळी अजून रुंद हवी.

घरात त्याहून रुंद लाकूड दाराचंच होतं.

दिवस मावळायच्या सुमारास फळी खाटेसमोर उभी राहिली. दाराच्या मोकळ्या चौकटीत पोत्याचा पडदा होता. पौष महिन्याचा वारा त्याला आत ढकलत होता. मोतीरामनं लग्नाचं रेकॉर्डिंग लावलं आणि बटण हळूहळू फिरवलं.

ढोल आला. जमिनीखालून निघाल्यासारखा आला.

भैय्याजीनं चहाची बशी खाली ठेवली. "काका! वरात आंगणात आली ना!"

मोतीराम खाटेवर टेकला. लीलाबाईच्या तोंडासमोर तोंड नेलं. फळीकडे बोट दाखवलं आणि एकेक अक्षर सुटं करून विचारलं, "वाजते का?"

लीलाबाईनं उभ्या केलेल्या त्या पल्ल्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"वाजते जी," ती म्हणाली. "लय वाजते."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मोतीरामच्याही आलं. त्यानं तिचा हात हातात घेतला. हात गार होता. चार फूट, त्याच्या मनात आलं. चारच फूट हवे होते. पहिल्यांदाच आपलं काही बरोबर आलं.

रेकॉर्डिंग संपलं. भैय्याजी हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. घर शांत झालं आणि त्या शांततेत तिगावकडून मालगाडीची घरघर ऐकू आली. शेतांवरून चढत आली. गावाजवळून गेली. विरली.

मोतीराम वाट पाहत राहिला.

लीलाबाई काही बोलली नाही. पडद्याकडे पाहत बसली होती.

मालगाडी चालली, असं ती शेवटचं कधी म्हणाली होती? त्याला आठवेना. इतके दिवस घरात करवत चालू होती. त्याचं लक्ष फळीकडे होतं.

तो उठला. ढोल पुन्हा लावला, आणखी मोठा. परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला. या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही.

लीलाबाईनं शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"मघाच सांगतलं ना, वाजते म्हणून," ती म्हणाली. "थंडी घुसून राहिली घरात. आता तरी तो दरवाजा जागेवर लावा."