दुसरी बरणी

बरणीत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगायला लागल्या आणि मैदान सांभाळणाऱ्या शेवंताबाईंनी ती खाली ठेवली. आज बुधवार, रविवारी सामना. हिरवळीवर बुरशी आणि अळी एकदमच आलेली, आणि दोन्हींवरची औषधं एकमेकांत मिसळायला तयार नव्हती.

"ही कसली भातुकली मांडलीय? सरळ फवारणीच्या टाकीत ओता की," हिरवळीवर खुर्ची टाकून बसलेले क्लबचे सेक्रेटरी कर्णिक म्हणाले.

"गेल्या वर्षी सरळच ओतलं होतं, साहेब. पट्ट्यापट्ट्यांनी गवत जळलं आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं."

गुठळ्यांकडे बघता बघता बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. साहेबांच्या घाईपायी अळीचं तेलकट औषध आधी पडलं होतं आणि बुरशीची भुकटी मागून! त्यांनी दुसरी बरणी घेतली. आधी पाणी, मग भुकटी, ती नीट कालवल्यावर तेलकट औषध. झाकण लावून हलवलं आणि बरणीसमोर बसून राहिल्या.

अर्ध्या तासाने बरणी उजेडात धरली. गुठळी नाही, तळाला गाळ नाही. सगळं ताकासारखं एकजीव. बाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की कर्णिकांनाही हसू आलं.

"जमलं ना? भरा मग टाकी!"

"शुक्रवारी भरते. आधी बरणीतलं एवढ्याशा गवतावर मारून दोन दिवस बघू. तुमच्या खुर्चीखालचा तुकडा बरा आहे."

कर्णिकांनी खुर्ची उचलून हिरवळीबाहेर नेली.