सही त्याची, दार आमचं

"आधी पाय पुसा," अदेलिनो बोर्बा दारातूनच म्हणाला. "आणि वॉरंट दाखवा."

प्रोबेशन ऑफिसर हॅगोपियन बाईंनी निमूटपणे पाय पुसले. वॉरंट त्यांच्याकडे नव्हतं आणि ते लागणारही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमच्या देलियोनं अटींवर सही दिलीय, मिस्टर बोर्बा. प्रोबेशनवर आहे तोवर त्याची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर मी कधीही बघू शकते."

"सही त्याची. घर माझं."

"म्हणून तर तेवढंच बघणार. तुमच्या खोलीला हात नाही लावणार."

अदेलिनोच्या मुलानं, देलियोनं, मागच्या वर्षी दोन दोस्तांच्या नादी लागून एका गोदामाचं कुलूप फोडलं होतं. न्यायाधीशांनी चार वर्षं सुनावली आणि डोक्यावर टांगून ठेवली. नीट वागलास तर घरी राहा, घरात काही वावगं सापडलं तर चारही वर्षं आत. तेव्हापासून अदेलिनोनं त्या सहीची कलमं तोंडपाठ केली होती. जन्म दुसऱ्याच्या गोठ्यात धारा काढण्यात गेला, पण कायदा बोलायला लागला की भल्याभल्या वकिलांनी गप्प बसावं.

"आज कशी काय वाट चुकलात?" त्यानं विचारलं. "तुमची फेरी तर वीस तारखेला असते."

"काल ऑफिसात फोन आला. नाव नाही सांगितलं. म्हणे, या घरात बंदूक आहे." बाई खिशातून हातमोजे काढत होत्या. "एकशे तीस माणसं आहेत माझ्याकडे. एरवी निरोप ऐकायलासुद्धा फुरसत होत नाही. पण बंदूक म्हटलं की यावंच लागतं."

"गावात जळणारे काय कमी आहेत?"

बरोबरचा पोलीस दारात उभा राहिला. बाई आत शिरल्या. टेबलावर अर्धा कापलेला गोड पाव होता, त्यावर कुणी हात टाकलेला दिसत नव्हता.

"देलियो कुठंय?"

"कामावर."

"मी तिथूनच येतेय. बरेच दिवस फिरकलाच नाही म्हणाले."

अदेलिनोनं टोपी काढली, पुन्हा घातली. "मग असेल कुठं मित्राकडे."

न्हाणीघरातला दात घासायचा ब्रश बाईंनी बोटानं चाचपला. तो ठणठणीत कोरडा होता. मुलाच्या खोलीकडे निघाल्या तेव्हा बोळातल्या दुसऱ्या दारामागे काहीतरी करकरलं. बाई थांबल्या.

अदेलिनो त्या दाराला पाठ लावून उभा राहिला. "ही आमची खोली. सही त्याची आहे, दार आमचं आहे."

"आत कोण आहे?"

"बायको. बरं नाही तिला."

"फिलोमेनाबाई," हॅगोपियन बाईंनी दाराकडे तोंड करून विचारलं, "देलियो आहे का आत?"

आतून एकच शब्द आला. "नाही." आणि त्यापाठोपाठ हुंदका.

बाईंनी अदेलिनोकडे बघितलं. वाईट त्यांनाही वाटलं असणार, त्या काही दगडाच्या नव्हत्या. पण त्या देलियोच्या खोलीत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. हातात काडतुसांची डबी होती.

"मोज्यांखाली. सगळे मोज्यांखालीच ठेवतात, काय कळत नाही. बंदूक कुठंय, मिस्टर बोर्बा?"

"ठाऊक नाही."

"घेऊन पळालाय?"

म्हाताऱ्यानं जवळची खुर्ची ओढली.

"हे बघा, आता हे माझ्या हातात नाही राहिलं. आजच वॉरंट निघेल. तीन जिल्ह्यांतल्या प्रत्येक गाडीत त्याचा फोटो जाईल. लपवून ठेवलंत तर तुम्हीही अडकाल."

त्यासरशी अदेलिनोचं सगळं अवसान गळालं. तो खुर्चीत बसला आणि विचारलं त्याहून जास्तच बोलत सुटला. निळा पिकअप, मागचं झाकण चेपलेलं. गाडीचा नंबर. अंगात तपकिरी जाकीट, कोपराला ठिगळ. बदामाच्या बागांपलीकडे कालव्यावर मासे धरायला जातो, जुन्या पंपाजवळ. तिथे नसला तर वरच्या धरणाच्या रस्त्याला. बाई लिहून घेताना दमल्या. सख्ख्या बापानं असं भडाभडा ओकावं, याचं दारातल्या पोलिसालाही नवल वाटलं.

"त्याला इजा नाही ना करणार?" अदेलिनोनं शेवटी विचारलं.

"हात वर केले तर नाही."

"करेल तो. ओरडू नका फक्त त्याच्यावर. आधी नावानं हाक मारा. नावानं हाक मारली की ऐकतो."

"सांगते मी त्यांना. शब्द देते."

बाई पायरीवरूनच फोन लावत गेल्या. अदेलिनो तासभर त्या खुर्चीतून हलला नाही. बायकोला तोंड दाखवायचं धैर्य त्याला होत नव्हतं. शेवटी उठून त्यानं ते दार उघडलं. फिलोमेना पलंगाच्या कडेला बसली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "ती डबी आपल्या देलियोची नाही. फटाका वाजला तरी कापरं भरतं त्याला. कुणी ठेवली?"

"मी. फोनही मीच केला."

"अरे, चार वर्षं आत जाईल पोरगा!"

"जाऊ दे. जिवंत जाऊ दे." लांब, बागांच्या वर, हेलिकॉप्टरची घरघर सुरू झाली होती. "'मला माफ करा' एवढं लिहून गेला, त्याला अकरा दिवस झाले, फिलोमेना. दोनदा चौकीत गेलो. मोठा माणूस आहे, येईल म्हणाले. या बाईंना तीन निरोप ठेवले. पोरगा हरवलाय म्हटलं तर कुणी उठलं नाही. बंदूक आहे म्हटलं, आणि बघ, शोधायला निघाले."