दोन मिनिटांची शांतता

"आता सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहूया," तालमीच्या फुटबॉल संघाचे अध्यक्ष म्हणाले.

इंद्रजितच्या फोटोसमोर सगळे उभे राहिले. धनाजी तेवढा बसून राहिला. गोलकीपर इंद्रजितला अख्खं कोल्हापूर ओळखायचं. खेळ सुटला तसा तो घरातच बसला, आणि परवा झोपेतच गेला. मॅचमध्ये धनाजी त्याच्यापुढं बचावाला असायचा. समोरून बॉल आला की मागनं इंद्रजितची आरोळी ठरलेली, "भीड धन्या, मी हाय मागं!" त्या आरोळीच्या जिवावर धनाजी कुणालाही भिडायचा.

"धनाजी, ऊठ की," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाई उठणार. शांतच तर राहिलोय आपण. त्यानं दार लावून घेतलं, तर आपण म्हटलं, आराम करतोय. एकानंबी दार वाजवलं न्हाई." धनाजी फोटोकडनं सगळ्यांकडं वळला. "खेळ सुटल्यापासनं मलाबी झोप लागंना. सकाळी कशासाठी उठायचं, कळंना. बायकोलाबी बोललो न्हाई. आज बोलणार."

"ही काय वेळ हाय?" कुणीतरी पुटपुटलं.

"हीच हाय."

मागच्या रांगेतनं यासीन पुढं आला. दुसऱ्या पेठेच्या संघाचा जुना फॉरवर्ड. धनाजीनं त्याला जन्मभर अडवलेलं. तो धनाजीच्या पाठीला लागूनच सतरंजीवर बसला.

"मलाबी लागंना झोप," तो म्हणाला. "बोल धन्या. मी हाय मागं."